मध्यापर्यंत की टोकापर्यंत

३ तारीख, सोमवार

ही खरं तर ऑर्डरची वही आहे. दर पानाच्या डोक्यावर छापलंय: गिऱ्हाइकाचं नाव, उंची, पायाची लांबी, सीटची नळी, रंग. शेवटची ऑर्डर लिहिली त्याला चौदा महिने झाले. बाकी पानं कोरी. आज सकाळी बायकोने ती माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, "मला जे जे सांगत बसता ते आता हिला सांगा. माझे कान किटले."

तिचं म्हणणं असं की मी तिच्या भावाबद्दल दिवसातून चौदा वेळा तेच तेच बोलतो. हे साफ खोटं आहे. काल मी मोजलं. नऊ वेळा बोललो.

तर लिहितो. मी सायकलच्या फ्रेम बनवतो. सायकल नव्हे, फ्रेम. चाकं लावली, चेन चढवली की सायकल कोणीही बनवतो. फ्रेम म्हणजे पोलादी नळ्या त्या त्या माणसाच्या मापाने कापायच्या, कानशीने घासून एकमेकींत बसवायच्या आणि गॅसवर सांधा लालबुंद झाला की त्यात पितळ सोडायचं. या रस्त्यावर पूर्वी असे अकरा कारखाने होते. आता दोन. एक माझा, एक बरोब्बर समोर मेहुण्याचा. बाकीच्यांपैकी एकात मोबाइलची कव्हरं मिळतात, एकात चष्मे, आणि एकात व्यायामशाळा निघाली आहे. तिथे वीस सायकली जमिनीला बोल्ट मारून ओळीने उभ्या केल्यात. माणसं तासभर जिवाच्या आकांताने पायडल मारतात आणि जिथे चढली तिथेच उतरतात. मी एकदा आत जाऊन विचारलं, "पोचता कुठे?" तिथल्या शिक्षकाने मला पाणी दिलं आणि बसवून ठेवलं.

मेहुण्याशी मी एकोणीस वर्षं बोललेलो नाही. आज बायकोने बातमी आणली की तो दुकान बंद करतोय. तीस तारखेला मुलीकडे राहायला चाललाय, दुसऱ्या गावी, कायमचा.

मला अतिशय आनंद झाला. दुपारी जेवण गेलं नाही ते वेगळ्या कारणाने.

४ तारीख, मंगळवार

भांडण कशावरून झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी फक्त त्याचीच बाजू ऐकायला नको.

आम्ही दोघं एकाच उस्तादांकडे शिकलो. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक तिथेच घासायच्या मशीनवर गेलं. तो सांगत फिरतो की मशीन मी चालू केली. केली, पण "चालू कर" असं तोच म्हणाला होता. असो. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीशी माझं लग्न झालं, आम्ही दोघांनी मिळून दुकान टाकलं आणि बावीस वर्षं सुरळीत चाललं.

मग एका नव्या जोडप्याने जोडसायकल मागितली. म्हणजे पुढे एक सीट, मागे एक, दोघांनी मिळून मारायची. एवढी लांब फ्रेम एकट्याच्या आवाक्यातली नाही, म्हणून पुढचा अर्धा मी घेतला, मागचा त्याने. दोन्हीकडे सीटची नळी बावीस इंच ठेवायचं ठरलं. पंधरा दिवसांनी दोन्ही अर्धे आणून जमिनीवर मांडले, तर माझा आडवा दांडा खाली आणि त्याचा पाच सूत वर! पाच सूत म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. बायको म्हणते, म्हणजे काहीच नाही. ती या धंद्यातली नाही.

सीटची नळी पायडलच्या आसापासून मोजायची, याबद्दल जगात कुठे दुमत नाही. पण वर कुठपर्यंत? मी नळीच्या टोकापर्यंत मोजतो, कारण नळी तिथे संपते. आडवा दांडा त्या नळीला जिथे येऊन मिळतो तिथल्या मध्यापर्यंत तो मोजतो, कारण त्याच्या डोक्यात बिघाड आहे. बावीस वर्षं एका छताखाली काम करून हे आम्हाला एकमेकांबद्दल माहीत नव्हतं. जो तो आपली फ्रेम आपण पुरी करायचा, विचारणार कशाला?

तो म्हणाला, तुझा अर्धा पुन्हा बनव. मी म्हणालो, तुझा बनव. जोडपं दारात उभं होतं. तासभर उभं राहून निघून गेलं. त्याच संध्याकाळी दुकानाची वाटणी झाली. फ्रेम आवळून धरायचा लोखंडी स्टँड माझ्याकडे आला, स्टँडचे चार स्क्रू त्याच्याकडे गेले. तेव्हापासून मी स्टँड तारेने बांधून काम करतो आणि तो चार स्क्रू घेऊन बसलाय. जोडसायकलचा माझा अर्धा मागच्या अंगणात आहे, त्यावर बायको टॉवेल वाळत घालते. त्याचा अर्धा त्याच्या दारावर टांगलेला आहे, त्यात पाखरांनी घरटं केलंय.

सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, म्हणजे त्याची बायको. तेव्हा चार दिवस मी त्याच्या घरीच होतो. पाणी भरलं, आल्यागेल्याला चहा दिला. पण बोललो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ तारीख, गुरुवार

ऑर्डर आली! चौदा महिन्यांनी!

बायको बाजारातून आली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. कोणी एक गृहस्थ भेटले, त्यांना हातची पोलादी फ्रेम हवी आहे, पूर्ण सायकल करूनच द्या, एकोणतीस तारखेपर्यंत हवी. नाव सांगायचं नाही.

मी म्हणालो, "हे अक्षर तर तुझं आहे."

"ते बोलत होते, मी लिहिलं. त्यांना लिहायला जमत नव्हतं."

म्हणजे मोठा माणूस. मोठी माणसं स्वतः कुठे लिहितात? मापं पाहिली. पाय आखूड, धड लांब, खांदे रुंद. माझा अंदाज, एक तर पहिलवान असणार, नाहीतर फार वरचा अधिकारी. नाव लपवतोय, म्हणजे अधिकारीच.

बाजार इथून चांगला दोन मैल आहे. बायको पायीच जाते, लग्न झाल्यापासून. पिशव्या खाली ठेवताना ती पुटपुटली, "माहेरी फ्रेमवाला, सासरी फ्रेमवाला, आणि माझे तळवे बघा." मी मापं बघण्यात दंग होतो.

९ तारीख, रविवार

मेहुण्याला ऑर्डरचा वास लागलेला दिसतो. आज दिवसभर खिडकीत बसून माझ्याकडेच बघत होता. माझी नळ्या घासायची पद्धत उचलायचा विचार असणार. दुकान बंद करून चाललाय, तरी खोड जात नाही.

वर चिडवतोही. चहाचा कप हातात धरून मुद्दाम असा हलवतो की चहा बशीत सांडावा, आणि मग माझ्याकडे बघतो. "तुझे हात असे झालेत" हेच सुचवायचंय त्याला. माझे हात? या हातांनी मी आजही डोळे मिटून सुईत दोरा ओवतो. प्रयत्न केला. डोळे उघडे ठेवावे लागले, पण ओवला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या दुकानात गॅसची निळी ज्योत गेल्या वर्षभरात मी पाहिलेली नाही. आणि तरी दुकान इतके दिवस उघडं होतं. म्हणजे ज्योतीशिवाय फ्रेम जोडायची काहीतरी नवी युक्ती त्याने शोधून काढली असली पाहिजे. मरो. मी विचारणार नाही.

११ तारीख, मंगळवार

आज एक तरतरीत माणूस आला. हॉटेल काढतोय म्हणे. जुनी फ्रेम हवी होती, भिंतीवर टांगायला. "जुन्या काळाचा फील येतो," म्हणाला.

मी वही उघडली आणि विचारलं, "भिंतीच्या पायाची लांबी किती?"

तो हसला. मी हसलो नाही. "मापाशिवाय मी फ्रेम देत नाही," असं सांगितल्यावर तो समोर मेहुण्याकडे गेला. मी कान देऊन ऐकलं. मेहुण्याने त्याला विचारलं, "भिंत किती तास सायकल मारते रोज?"

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घालवलं, कारण दार उघडं होतं.

१२ तारीख, बुधवार

कागदावर "सीटची नळी बावीस" एवढंच लिहिलंय. बावीस, पण कुठपर्यंत? आधीच एकदा पोळलोय. बायकोकडून निरोप धाडला: मध्यापर्यंत की टोकापर्यंत, ते लेखी कळवावे.

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

उत्तर आलं. "टोकापर्यंत. नळी तिथेच संपते."

अगदी हेच शब्द! एकोणीस वर्षं मी हेच ओरडून सांगतोय. कधीही न भेटलेल्या माणसाने ते एका ओळीत लिहून पाठवावं? मला गहिवरून आलं. जगात एक तरी शहाणा माणूस शिल्लक आहे, आणि तो माझं गिऱ्हाईक आहे.

कागदासोबत एक पुडीही होती. आत चार स्क्रू. "उपयोगी पडतील," असा निरोप. सहज म्हणून स्टँडला लावून पाहिले, तर चारही बरोब्बर बसले! ना सैल, ना घट्ट. असे स्क्रू आता बाजारात मिळत नाहीत. वरच्या अधिकाऱ्यांचे हात कुठवर पोचलेले असतात ते बघा.

तार सोडून टाकली. स्टँड आता दगडासारखा उभा आहे.

१७ तारीख, सोमवार

पुढचं चाक धरणारा चिमटा झाला. मागची नळ्यांची जोडीही होत आली. ओळंबा लावून पाहिला, केसाचाही फरक नाही. सांध्यातलं पितळ असं पसरलंय की बायकोला हाका मारून बोलावलं. ती म्हणाली, "छान आहे." मी म्हणालो, "छान काय? नीट बघ." तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहे." तिच्या भावाला दाखवलं असतं तर तो अर्धा तास तरी गप्प उभा राहिला असता. तेवढं त्याला कळतं, हे मी नाकारत नाही.

खांद्यांचं माप कच्चं वाटलं, म्हणून बायकोला टेप देऊन पुन्हा पाठवलं. दहा मिनिटांत परत आली. गृहस्थांना गुदगुल्या फार होतात म्हणे. अधिकारी माणसाला गुदगुल्या? बरोबरच आहे, त्यांना कोण हात लावतो एरवी?

दहा मिनिटांत ती गेली कुठे आणि आली कुठून, हे विचारायचं राहिलं.

१९ तारीख, बुधवार

आता सीटची नळी कापायची. पण उस्तादांचा नियम होता: माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सीटची नळी कापायची नाही. बाकी सगळं कागदावरून करा, ही नळी नाही. मी आजवर हा नियम मोडलेला नाही. बायकोला स्पष्ट सांगितलं, गृहस्थ इथे येऊन उभे राहिल्याशिवाय करवत उचलणार नाही.

ती म्हणाली, "ते येणार नाहीत."

"का?"

"लाजतात."

"मग निदान हात तरी दाखवायला सांग. कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. हातावरून मला माणूस कळतो."

तिने पेन्सिल उचलली. मग म्हणाली, "कळेल का खरंच?" मला अपमान वाटला.

समोर सामान बांधायला सुरुवात झालीय. दारावरचा जोडसायकलचा अर्धा तसाच आहे. पाखरांची पिल्लं उडाल्याशिवाय काढणार नाही म्हणाला, असं बायको सांगत होती. मी विचारलं नव्हतं.

२१ तारीख, शुक्रवार

पंजा आला. डावा. पेन्सिलीची रेघ अशी काही वेडीवाकडी, नागमोडी, की एक बोट सरळ आलेलं नाही. गृहस्थ हसत हसत काढत असणार, गुदगुल्या होतात ना! आणि करंगळी आखूडच काढलीय. तिथे पेन्सिल घसरली असणार.

२२ तारीख, शनिवार

पेन्सिल घसरलेली नाही.

सकाळी दाढी करताना कळलं. अर्धी दाढी तशीच ठेवून कागद पुन्हा काढला. मी त्या करंगळीचं टोक जमिनीवरून उचललेलं आहे. मी ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

आणि मग ती रेघ. ती हसण्याने हललेली नाही. चहाचा कप चिडवायला हलत नव्हता. वर्षभर ज्योत पेटलेली नाही, ती कुठल्या युक्तीमुळे नव्हे. थरथरत्या हाताने गॅस पेटवता येत नाही, एवढंच. आणि मी या वहीत काय काय लिहून बसलोय!

मागची पानं फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत. मूर्खपणा केला तो केला, तो राहू दे.

स्क्रू आले त्याच दिवशी कळायला हवं होतं. बहुतेक हातांना कळलंही होतं, पण त्यांनी मला सांगितलं नाही.

बायकोने दारातून विचारलं, "अर्धीच दाढी ठेवायचा विचार आहे का?" मी म्हणालो, "तुझ्या भावाचे हात कधीपासून थरथरतात?" ती जागच्या जागी बसली. म्हणाली, "दीड वर्ष होत आलं. स्वतःसाठी एक फ्रेम बनवायची होती दादाला, नव्या गावी फिरायला. चार वेळा सुरू केली. शेवटी म्हणाला, दुसऱ्या कोणाच्या हातची मी चालवणार नाही, पण त्याला माझं नाव सांगू नकोस, तो मुद्दाम वाकडी करेल."

मी मुद्दाम वाकडी करेन! मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

२४ तारीख, सोमवार

दोन दिवस झोप नाही. प्रश्न नळीचा आहे.

त्याने "टोकापर्यंत" लिहिलं. जन्मभर मध्यापर्यंत मोजणारा माणूस! म्हणजे याचा अर्थ उघड आहे. माप त्याचं नेहमीचंच, मध्यापर्यंतचं बावीस. "टोकापर्यंत" हे त्याने माझं मन राखायला लिहिलं. जाता जाता मला मोठेपणा देऊन चाललाय. आणि मी खरोखरच टोकापर्यंत बावीस कापली तर फ्रेम त्याला पाच सूत लहान होईल. गुडघे हँडलला आपटतील. नव्या गावात लोक हसतील. तो कोणाला काही सांगणार नाही, तसाच चालवत राहील.

विचारावं कसं? बोलणं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्या सुतातलं काही कळत नाही. समोर जा आणि विचारा. तेवीस पावलं आहेत."

मी दोनदा दारापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी उंबऱ्याबाहेर एक पाय टाकलासुद्धा. त्याने खिडकीतून पाहिलं, आणि मी बाहेर झाडू शोधतोय असं दाखवलं.

परत आलो आणि ठरवलं. त्याने माझं मन राखलं, मी त्याचं राखणार. मध्यापर्यंत बावीस. आयुष्यात पहिल्यांदा मी नळी मध्यापर्यंत मोजली. दोनदा खूण पुसली, मग कापली.

२७ तारीख, गुरुवार

मान मोडून काम चाललंय. फ्रेम जोडून झाली, रंग दिला. गर्द हिरवा, उस्तादांच्या दुकानाचा. हँडल रुंद केलं आणि मुठींवर जाड रबर चढवलं. हँडलला ब्रेक ठेवलाच नाही. मागच्या चाकात असा ब्रेक बसवला की पायडल उलटं दाबलं की सायकल थांबते. हाताने काही आवळायला नको. असा ब्रेक मी तीस वर्षांत बसवला नव्हता, तीन वेळा खोलावा लागला.

परवा तो स्वतः सायकल न्यायला येणार, बायकोने कबूल करवून घेतलंय. काय बोलायचं ते पाठ करतोय. "ये. बस. झालं गेलं विसरून जाऊ." आरशासमोर म्हणून पाहिलं. "झालं गेलं" इथे आवाज बारीक होतो.

२९ तारीख, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी दहाला बायको त्याला घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. मीही इस्त्रीचाच घातला होता. तो उंबऱ्यावर थांबला. मी पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार ठेवलं, पण तोंड उघडेना. त्याचंही उघडेना. मग तो फ्रेमकडे गेला. एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, पण कुठे थांबलं नाही. म्हणजे खोट सापडली नाही. अर्धा तास गप्प उभा होता. घड्याळ लावून मोजलं.

मग त्याने मोठ्या ऐटीत दांड्यावरून पाय टाकला आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवायला गेला, तर दांडा नको तिथे लागला.

"आई गं!"

एकोणीस वर्षांनंतरचा त्याचा पहिला शब्द. दुसरा माझा होता. "लागलं?"

"लागलं म्हणून काय विचारतोस! कुठपर्यंत मोजलीस?"

"मध्यापर्यंत."

"टोकापर्यंत लिहिलं होतं मी!"

"ते तू माझं मन राखायला लिहिलंस ना?"

"तुझं मन राखायला तुझ्या पद्धतीने मोजून लिहिलं! तीनदा मोजलं! फूटपट्टी हातात ठरत नाही माझ्या, तुझ्या बायकोने धरली!"

"मग तसं सांगायचं ना!"

"कसं सांगू? आपण बोलतो का?"

बरोबर तोच बोलत होता, म्हणून मी आवाज चढवला. त्यानेही चढवला. रागावला की तो एकदम अहोजाहोवर येतो, हे मी विसरलो होतो. "अहो भावोजी," तो ओरडला, "जन्मात एकदा मी तुमचं ऐकलं, तर नेमकं त्याच वेळी तुम्हाला माझं ऐकायची बुद्धी झाली?" मी म्हणालो, तुझ्या मध्यापायीच हे झालं. तो म्हणाला, तुझ्या टोकापायी. मग जोडसायकल निघाली. मग करंगळी निघाली. "चालू कर" तो म्हणालाच नव्हता म्हणे, "थांब जरा" म्हणाला होता! व्यायामशाळेतले सगळे बाहेर येऊन रस्त्यात उभे राहिले. त्या सायकलींवरून निघून माणसं कुठेतरी पोचलेली मी प्रथमच पाहिली.

दीड तासाने बायको म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला बाजार आहे." तिने पिशव्या हँडलला अडकवल्या, सायकल रस्त्यावर घेतली, मागून पाय टाकला आणि निघून गेली. पाय जमिनीला नीट टेकत होते. सीट हलवायचीही गरज पडली नाही. ती आमच्या दोघांपेक्षा उंच आहे, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण सायकल?

"हिला सायकल येते?" मी विचारलं.

"मीच शिकवली होती," तो म्हणाला. "लहानपणी. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"तू विचारलं नसशील."

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही बघत राहिलो. वळताना तिने पायडल उलटं दाबलं, सायकलचा वेग कमी झाला, तोल जराही गेला नाही.

तो बाकावर बसला. बूट झटकत म्हणाला, "हँडलला ब्रेक नाही."

"नाही."

"कळलं होतं म्हणायचं तुला."

"पंजा आला तेव्हा कळलं," मी म्हणालो. "आधी कळायला हवं होतं. चुकलो."

मी चहा आणला. कप अर्धाच भरला, म्हणजे सांडायला नको. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "कंजूष." पण प्यायला.

३० तारीख, रविवार

त्याची गाडी सकाळी अकराची होती. गेला नाही. मुलीला कळवलं, फ्रेम चुकली, नवी होईपर्यंत येता येत नाही. मुलीने विचारलं, चुकली कोणाची? त्याने फोन माझ्या हातात दिला.

कालची फ्रेम परत मिळेल का, असं बायकोला विचारायची आमची दोघांचीही हिंमत झाली नाही. ती सकाळपासून दोनदा बाजारात जाऊन आली. दुसऱ्यांदा काहीच आणलं नाही.

नवीन फ्रेमला किती दिवस लागतील, असं त्याने विचारलं. खरं तर पाच दिवसांत होते. मी म्हणालो, "दोन महिने तरी धर. नळ्या मागवाव्या लागतील." नळ्या माझ्या पाठीमागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, चांगल्या डझनभर. त्याने माझ्या खांद्यावरून त्या पाहिल्या. नीट मोजल्यासुद्धा असाव्यात.

"हो," तो म्हणाला. "मागवाव्या लागतील."

दुपारी वहीचं नवं पान उघडलं.

गिऱ्हाइकाचं नाव: मेहुणा.
उंची: माझ्यापेक्षा कमी. (तो नाही म्हणतो.)
पायाची लांबी: मघाशी टेप लावला. गुदगुल्या खरंच होतात.
रंग: हिरवाच.
सीटची नळी: तो म्हणतो, एकवीस इंच तीन सूत लिही, मध्यापर्यंत. मी म्हणतो, बावीस, टोकापर्यंत. फ्रेम दोन्हीकडून तीच होणार, हे दोघांनाही कळतं. पण लिहायचं काय, हा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत मिटलं नाही. उद्या सकाळी नऊला पुन्हा बसायचं ठरलंय.

तो साडेआठलाच येईल. मी आठला दुकान उघडून ठेवतो.